प्रोकोलोचं शेवटचं छत

इटलीत नेपल्सजवळच्या बाकोलीत बायकांची भांडणं खिडकीतून खिडकीत चालतात आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांचा विजय होतो. त्या हिशेबाने कार्मोझिना स्कियानो आयुष्यात एकही भांडण हरली नसती. पण बाईने आवाज भांडणात फार घालवला नाही. तो तिने छतांवर खर्च केला. तळ्याकाठी शिंपल्यांचा बाजार भरतो ती इमारत आजही उभी आहे. खाली बारीक खांब, चारी बाजूंनी काच, सगळं नव्या जमान्याचं, आणि वर एकच मोठा घुमट, माथ्यावर गोल झरोका ठेवलेला. झरोक्यातून पडतो तेवढाच पाऊस आत येतो, बाकी थेंबभरही नाही. लोक याचं श्रेय चुन्याला देतात, कुणी ज्वालामुखीच्या राखेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या छतात एका बाईचा गळा मिसळलेला आहे हे गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही.

या भागात छत घालत नाहीत, बडवतात. दगडी घुमट किंवा कमान उभी राहिली की तिच्यावर मुरलेला चुना आणि हलक्या, भोकाभोकांच्या ज्वालामुखी खड्यांचा जाड थर पसरायचा आणि लाकडी चोपण्यांनी तो दिवसच्या दिवस चोपत राहायचं, मसाल्यातलं पाणी वर येऊन पुन्हा आटेपर्यंत. माणसं दोन बाजूंना रांगा धरतात. एका बाजूचा ठोका पडला की दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचं. ठोका चुकला की मसाला एकीकडे सरकतो, फुगवटा येतो आणि त्या फुगवट्याला पहिल्याच हिवाळ्यात भेग जाते. आता गंमत अशी की छत घुमटाचं, त्यामुळे अलीकडच्याला पलीकडचा दिसत नाही. मधे हा एवढा फुगीर पोटोबा. दोन्ही रांगांना बांधून ठेवतो तो फक्त माथ्यावर उभ्या असलेल्या गाणाऱ्याचा आवाज.

कार्मोझिना लहानपणी डोक्यावरून चुन्याची घमेली वाहायची. तेव्हा गाणारा एक म्हातारा होता, गळा गोड, आणि दारू त्याला त्याहून गोड. एका छतावर भर दुपारी तो ओळीच्या मधोमध झोपी गेला. चोपणी अडखळली. खालून, चुन्याच्या खड्ड्यापासून, कार्मोझिनाने ती अर्धी राहिलेली ओळ उचलली आणि पुरी केली. मग पुढची. माणसं वळून न बघता बडवत राहिली. मुकादमाचा मुलगा प्रोकोलो मात्र वळला आणि चोपणं स्वतःच्याच पायावर मारून घेतलं. अंगठ्याचं नख गेलं. "तुझ्यापायी पहिल्याच दिवशी नुकसान झालं," असं तो लग्नानंतर जन्मभर म्हणायचा, आणि ती म्हणायची, "मग भरपाई म्हणून मला घेतलंस ना? सूट नको मागू आता."

पुढे प्रोकोलो मुकादम झाला आणि उस्ताद गवंड्याला इथे लावतात ते 'मास्त' त्याच्या नावाआधी लागलं. मास्त प्रोकोलो. त्याची एक खोड होती. टोळीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात चोपणं द्यायचा नाही. त्याला शेजारच्या बाय्या गावाच्या उतारावर, त्रूल्योत घेऊन जायचा. त्रूल्यो म्हणजे रोमन लोकांच्या स्नानगृहाचा घुमट. शिकलेले लोक त्याला देवळाचं नाव देतात, पण आंघोळीला बांधलेली जागा ती, गावाला त्यात देव कधी दिसला नाही. आत पाणी साचलेलं, वर झरोका, आणि हाक मारली की भिंत ती परत करते. फळ्यांवर उभं राहून प्रोकोलो एकच टाळी वाजवायचा. ती फिरून फिरून परत आली की म्हणायचा, "ऐकलंस? दोन हजार वर्षं झाली. खालची जमीन वर आली, खाली गेली, भूकंप झाले, समुद्राने निम्मी बाय्या पोटात घातली. हा हलला नाही. रोममधला तो मोठा घुमट, ज्याच्यासाठी लोक माना मोडून घेतात, तोसुद्धा याच्यानंतरचा. याचा धाकटा भाऊ. आता जा आणि चोपणं धर."

त्या घुमटाचा मसाला आणि यांचा मसाला एकच होता, चुना आणि इथल्याच मातीतली राख. शेजारच्या पोझ्झुओली गावची ही राख चुन्यात घातली की समुद्राच्या पाण्याखालीसुद्धा दगडासारखी घट्ट होते. जुन्या रोमन लोकांनी ती जहाजं भरभरून नेली आणि दूरदूरच्या बंदरांत धक्के बांधले. जगभरचे सिमेंटवाले तसल्या राखेला अजून पोझ्झुओलीचंच नाव देतात, याचा प्रोकोलोला असा अभिमान की जणू शोध त्याच्या आजोबांनी लावला. एकदा त्याचा चुलतभाऊ अमेरिकेहून आला आणि तिथल्या रेल्वे स्टेशनच्या गोष्टी सांगू लागला. केवढाल्या कमानी, केवढं छत.

"कमानी आहेत ना?" प्रोकोलोने विचारलं. "मग ते आपलंच."

"अरे, आत लोखंड घातलंय सगळीकडे."

"म्हणजे बांधताना भ्यायले होते," प्रोकोलो म्हणाला आणि शांतपणे मासा सोलू लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लोखंड बाकोलीतही आलं. सपाट सिमेंटच्या गच्च्या झटपट होऊ लागल्या. वर आणखी मजला चढवता येतो म्हटल्यावर कुणाला घुमट हवा होता? टोळीतली तरणी माणसं पोलादाच्या कारखान्यात गेली. प्रोकोलो आणि कार्मोझिना कोंबड्यांची खुराडी आणि पाण्याची टाकी बडवू लागली. ती हसून म्हणायची, "कोंबड्यांना तरी गाणं कळतं." तो हसायचा नाही.

अशा वेळी शिंपलेवाल्यांच्या मंडळाने बाजार बांधायचं ठरवलं आणि नेपल्सहून आमोदियो नावाचा वास्तुकार आला. पोरगेलासा, जाड चष्म्याचा, पण माणूस सच्चा. विद्यार्थी असताना तो त्रूल्योत आठवडेच्या आठवडे मापं घेत बसला होता. त्याने सरळ सांगितलं, "मास्त प्रोकोलो, मला खाली काच हवीय आणि वर तो हवाय." आणि बाय्याकडे बोट केलं. प्रोकोलो घरी आला तेव्हा जेवला नाही. ताटावर बसला आणि नुसता बोलत राहिला. ते उन्हाळ्याचे दिवस कार्मोझिनाच्या संसारातले सगळ्यात सुखाचे. साठी जवळ आलेला नवरा पहाटे शीळ घालत कामावर जायचा. शरद सरेपर्यंत दगडी घुमट उभा राहिला. खालचा लाकडी सांगाडा काढला त्या दिवशी प्रोकोलो एकटा मधोमध उभा राहिला आणि वर बघत राहिला. घुमट जागचा हलला नाही. आता थंडी सरली की बडवायचं, एवढंच राहिलं होतं.

थंडी सरायच्या आत प्रोकोलो गेला. छातीत कफ झाला, आणि डॉक्टरांचं ऐकणं हा त्याचा स्वभाव नव्हता.

कार्मोझिनाने काळे कपडे घातले. खिडक्यांची झापं अर्धी ओढली. विधवेने गायचं नाही, गुणगुणायचं नाही, शेजारच्या घरात रेडिओ लागला तरी उठून आत जायचं, हा इथला रिवाज, आणि तो वर्षानुवर्षं पाळायचा. मागे एका बाईने दुखवट्यात कपडे धुताना नुसता सूर धरला होता, तर ती मरेपर्यंत गाव तिला "गाणारी विधवा" म्हणत होतं. त्यात घरात सासू होती. रेस्तितूता, प्रोकोलोची आई, ऐंशी ओलांडलेली. कमरेत वाकलेली, पण जिभेने ताठ. पोटचा गेल्यापासून ती दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायची आणि गावातलं कोण किती शोक पाळतंय यावर नजर ठेवायची.

वसंत आला आणि तळ्याकाठचा घुमट चटयांखाली तसाच पडून. मंडळाची माणसं चुळबुळू लागली. उघडा दगड पाणी पितो. बडवणार असाल तर उन्हाळ्यात बडवा, नाहीतर वरून डांबर ओतून मोकळे होऊ, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं, शिंपले थांबत नाहीत. प्रोकोलोचा उजवा हात सोस्सियो याने जुनी माणसं गोळा केली, कारखान्यातून दोन-चार जण रजा काढून आले. कडेचा एक पट्टा बडवून बघितला. गायला कोण? सोस्सियो स्वतः. त्याचा आवाज म्हणजे रिकामी बादली पायरीवरून गडगडावी तसा. ढोल लावून बघितला, तर घुमटाने ढोलाचा प्रतिध्वनी केला आणि कुठला ठोका खरा हेच कुणाला कळेना. संध्याकाळी बघतात तर पट्ट्यात हातभर फुगवटा. सगळं खरवडून काढावं लागलं.

सोस्सियो टोपी हातात घेऊन कार्मोझिनाच्या दारात आला. दारात अर्थातच रेस्तितूता होती, सगळ्या गावाची झी, म्हणजे मावशी.

"झी रेस्तितूता, डोन्ना कार्मोझिनाशी दोन शब्द—"

"दोनच? तोंडावरून तर तू पोतंभर घेऊन आलेला दिसतोस."

"छताचं आहे. आवाज नाहीये कुणाकडे."

"मग?"

"तिने नुसती चाल धरली तरी... गाणं नाही हो, नुसती चाल."

"माझ्या मुलाच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही," म्हातारी म्हणाली, "आणि त्याची बायको शिडी चढून गाणार? खाली उभे राहून सगळं गाव बघणार? सोस्सियो, तुझी आई जिवंत असती ना, तर तुझ्या कानाखाली वाजवायचं काम मला करावं लागलं नसतं. चल, निघ."

कार्मोझिनाने आतून ऐकलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मम्मा बरोबर बोलतायत, सोस्सियो. नाही जमायचं." ती सासूला भिऊन बोलली असं नव्हे. तिला स्वतःलाच ते नको होतं. प्रोकोलोशिवाय कसलं गाणं?

मग एका सकाळी आमोदियो आला. त्याने आग्रह केला नाही, तेच वाईट झालं. चष्मा पुसत म्हणाला, "डोन्ना कार्मोझिना, मी सांगायला आलोय की डांबर घातलं तरी घुमट पडणार नाही. थोडा काळा दिसेल. दर काही वर्षांनी पुन्हा ओतावं लागेल. मास्त प्रोकोलोचं काम आत तसंच राहील, झाकलेलं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

तो गेल्यावर ती बराच वेळ भांडी घासत राहिली. तीच ती भांडी. झाकलेलं. प्रोकोलोचा घुमट डांबराखाली, उन्हात वितळणारा, वास मारणारा. बाय्यातल्या त्या घुमटाने दोन हजार वर्षं काढली आणि याचा घुमट, जो त्याने जन्मभर वाट बघून एकदाच बांधला, त्याला दर दोन-चार वर्षांनी ठिगळ. तिला रडू आलं. रिवाजाप्रमाणे ती मोठ्याने रडली, इथल्या विधवा रडतात तसं, मागेपुढे डुलत, मेलेल्याला नावाने हाका मारत, त्याची एकेक गोष्ट आठवत आणि प्रत्येक ओळीला गुडघ्यावर हात आपटत. शेजारणी ऐकत होत्या आणि मान डोलावत होत्या, कारण असं रडणं ही चांगल्या बायकोची खूण. आणि गुडघ्यावर हात आपटता आपटता कार्मोझिना एकदम थांबली. हाताकडे बघत राहिली. गायची मनाई होती. रडायची कुणालाच कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळ्या कपड्यांत, डोक्यावर काळा रुमाल बांधून शिडी चढली. मसाला पसरून तयार होता, माणसं दोन्ही बाजूंना ओळीत उभी होती, डांबराच्या आधी शेवटचा प्रयत्न म्हणून. ती झरोक्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने सुरुवात केली, "प्रोकोलो रे, माझ्या दारच्या खांबा..."

माणसांनी भराभर टोप्या काढल्या. कुणी क्रूसाची खूण केली.

"टोप्या कसल्या काढताय?" ती वरून ओरडली. "मी रडतेय, तुम्ही बडवा. ठोका कुठे पडतो ते कळत नाही का?"

सोस्सियोला आधी कळलं. त्याने चोपणं उचललं.

"प्रोकोलो रे, माझ्या दारच्या खांबा..." इकडून ठोका.

"कुणाला सांगून निघालास लांबा?" पलीकडून उत्तर.

"नवा सदरा शिवला, पेटीत राहिला..."

"डॉक्टर आला, तू भिंतीकडे तोंड करून राहिला..."

चोपणी जुळली. कारखान्यातून आलेल्या पोरांनी असं कधी ऐकलं नव्हतं, तरी त्यांचे हात आपोआप पडू लागले. दुपारपर्यंत कार्मोझिनाने नवऱ्याला मोठ्या सन्मानाने रडून घेतलं. मग सन्मान संपला आणि खऱ्या गोष्टी सुरू झाल्या. तो झोपेत कसा घोरायचा, सासुरवाडीला जायचं म्हटलं की त्याचं पोट कसं दुखायचं, तिला भूक लागली की गाण्याची लय वाढते असं खोटंच कसं सांगायचा. माणसं रडत होती, हसत होती आणि बडवत होती. असं दिवसामागून दिवस चाललं. ती रोज चढायची आणि रोज त्याला नव्याने धारेवर धरायची. खाली गाव जमू लागलं. विधवा छतावर आहे ही बातमी रेस्तितूतापर्यंत न पोचती तर नवल. शेवटच्या दिवशी म्हातारी स्वतः आली.

ती काठी टेकत शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. लोक बाजूला झाले. काहीजण तर मजा बघायला पुढे सरकले. वरून आवाज येत होता, "पहाटे उठून कामाला निघायचास, राजा..."

म्हातारीने मान वाकडी करून ऐकलं. गाणं असतं तर तिने शिडी ओढली असती, आणि तिने ती ओढलीच असती यात शंका नको. पण हे रडणं होतं. रडण्यात तिला खोट काढता येईना. मग तिला दुसरी खोट सापडली.

"खोटं बोलतेय," ती खालून ओरडली. "कधी उठलाय तो पहाटे? मी पाणी ओतायचे त्याच्यावर."

मग कार्मोझिनाने आहे त्याच चालीत विचारलं, "पाणी ओतायचात, मम्मा, कुठल्या तांब्याने?"

"पितळी तांब्याने," म्हातारी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "आणि तो म्हणायचा, आई, अजून एकदा झोपू दे..."

ते चालीत बसलं. तळ्याकडच्या रांगेने त्यावर ठोका दिला. आणि मग वरून बायको आणि खालून आई, एक ओळ हिची आणि एक तिची, असं दिवसभर चाललं. आईला तो बोबडा बोलत होता तेव्हाचं ठाऊक, बायकोला अंगठ्याचं नख गेलं तिथपासूनचं. दोघींनी मिळून आख्खा माणूस छतावर उभा केला. आमोदियो बाजूला उभा राहून चष्मा पुसत होता आणि चष्म्यावर काही नव्हतं.

दिवस कलला तसा ठोक्याचा आवाज बदलला. ओला, जड आवाज जाऊन टणक, खणखणीत आवाज येऊ लागला. सोस्सियोने बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. छत झालं होतं. आता शेवटची हाक द्यायची, की चोपणी खाली. ती हाक गाणाऱ्यानेच द्यायची असते, तोवर कुणी हात थांबवायचा नसतो. सोस्सियोने वर बघितलं. कार्मोझिना हाक देईना. तिच्या गोष्टी संपल्या होत्या. ती नुसतं "प्रोकोलो, प्रोकोलो रे" एवढंच म्हणत होती, आणि माणसं त्या नावावर बडवत होती, झालेलं छत, पुन्हा पुन्हा. हात भरून आले होते.

खालून रेस्तितूता म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "कार्मोझी. छत झालं, पोरी. सोड आता त्याला."

कार्मोझिनाने हाक दिली. चोपणी थांबली. मग ती झरोक्याच्या कडेला खाली बसली आणि रडू लागली. तिला ओळी सापडत नव्हत्या, चाल नव्हती, गुडघ्यावर हात नव्हता. काळ्या रुमालात तोंड खुपसून ती लहान पोरीसारखी हुंदके देत होती.

बायका तिला उतरवायला पुढे झाल्या. म्हातारी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिने काठी आडवी धरली.

"कुणी वर जायचं नाही," ती म्हणाली. "रडू द्या तिला. आत्ता कुठे रडायला लागलीय."